त्र्यंबक की त्रिंबक: नाव एक, लिहिण्याच्या तऱ्हा अनेक

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला गंगापूर रोडला राहणाऱ्या एका जोडप्याला मुलाचं नाव पणजोबांवरून ठेवायचं आहे. पणजोबा त्रिंबक. आजोबांचं म्हणणं, लिहायचं ते त्रिंबकच. मुलाच्या आईचं म्हणणं, शुद्ध रूप त्र्यंबक आहे, मग अपभ्रंश कशाला? आत्याला दोन्ही नकोत, कारण शाळेत पोरं ‘तंबू’ म्हणून चिडवतील. त्यात आणखी शंका: अर्थ ‘तीन डोळ्यांचा’ एवढाच का, हे नाव आता किती मुलांचं असतं, इंग्रजी स्पेलिंग कोणतं धरावं, आणि मृत्युंजय मंत्रातलं नाव तान्ह्या बाळाला चालतं का.

आजोबा आणि सूनबाईंचा वाद आधी घेऊ. तो मिटवणं सोपं आहे, कारण दोघंही बरोबर आहेत.

शब्द त्रि आणि अंबक या दोहोंचा. इ च्या पुढे वेगळा स्वर आला की तिचा य होतो. अति आणि अंत मिळून अत्यंत, प्रति आणि एक मिळून प्रत्येक, तसंच त्रि आणि अंबक मिळून त्र्यंबक. पाणिनीचं ‘इको यणचि’ (६.१.७७) हे सूत्र ते हेच. तेव्हा लेखी संस्कृत रूप त्र्यंबक, यात वाद नाही. पण ज्या ऋचेमुळे, म्हणजे मृत्युंजय मंत्रामुळे, हे नाव घरोघरी पोचलं तिथेच एक गंमत आहे. ‘त्र्यम्बकं यजामहे’ हा अनुष्टुभाचा चरण, म्हणजे त्यात आठ अक्षरं हवीत. बोटांवर मोजा: त्र्य, म्ब, कं, य, जा, म, हे. सातच भरतात. ‘त्र्य’ फोडून ‘त्रि-य’ म्हटलं की आठ पुरी होतात. वेदांच्या छंदांत अशी फोड पावलोपावली करावी लागते. कालिदासानं तर कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात वृत्तासाठी सरळ ‘त्रियम्बकं संयमिनं ददर्श’ असंच लिहून टाकलं, आणि व्याकरणवाल्यांना त्यावर चर्चेला विषय मिळाला.

मराठी जिभेनं पुढचं पाऊल टाकलं. त्, र्, य् अशी तीन व्यंजनं एका दमात म्हणणं अवघड. त्यातला य् गेला, त्याच्या जागी इ आली, आणि त्रिंबक झालं. य च्या जागी इ येणं संस्कृतालाही परकं नाही. यज् पासून इष्टी, व्यध् पासून विद्ध हे शब्द असेच झालेत. म्हणून त्रिंबक म्हणजे गावठी आणि त्र्यंबक म्हणजे शुद्ध, ही वाटणी मला पटत नाही. एक लेखणीचं रूप आहे, दुसरं जिभेचं. नाशिकमध्ये त्र्यंबक नाक्यावर उभं राहून रिक्षावाल्याचा उच्चार ऐका. पाटीवर त्र्यंबक असतं, तोंडातून त्रिंबक किंवा त्रींबक निघतं. कुणालाच त्यात विसंगती वाटत नाही.

जुन्या कागदांत तिसरंच रूप भेटतं: त्रींबक, वेलांटी दीर्घ. ते अज्ञानातून आलेलं नाही. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकार वेगळे नसतात, एकच खूण असते आणि देवनागरीत उतरवताना ती सहसा दीर्घ धरतात. कुणबी नोंदी किंवा वारस नोंदी शोधताना हे आठवणीत ठेवा. एकाच माणसाचं नाव मोडी उताऱ्यात त्रींबक, शाळेच्या दाखल्यात त्रिंबक आणि सातबाऱ्यावर त्र्यंबक असणं अगदी नेहमीचं आहे. केवळ त्यावरून दोन वेगळी माणसं समजू नका.

एक रूप मात्र टाळा, ते म्हणजे त्रयंबक. हिंदीत ते बरंच दिसतं आणि हल्ली मराठी पत्रिकांवरही चढलंय. त्रय हा शब्द धरला तर त्रय अधिक अंबक यांचा संधी ‘त्रयांबक’ होईल, आणि असा शब्द कुठे नाही. म्हणजे त्रयंबक ना संस्कृतातून सिद्ध होतं, ना मराठी जिभेवर घडलेलं आहे. ते टायपिंगच्या वाटेनं आलेलं आहे.

आता अर्थ. नावांच्या बहुतेक याद्यांत एका ओळीत ‘तीन डोळ्यांचा, शंकर’ असं असतं. ते चूक नाही, पण तो मूळ अर्थ नसावा, नंतर रूढ झालेला दिसतो. ऋग्वेदातलं ७.५९ हे वसिष्ठांचं सूक्त मुळात मरुतांचं आहे. शेवटची, बारावी ऋचा तेवढी रुद्राची. शाकल्याच्या पदपाठात प्रत्येक शब्द सुटा करून दाखवलेला असतो, पण नेमका या ऋचेचा पदपाठ तिथे नाही. शब्दाची फोड सांगणारा सर्वांत जुना साक्षीदार गप्प आहे म्हणा ना.

यजुर्वेदाकडे वळलं की वेगळंच चित्र दिसतं. चातुर्मास्य यागांतल्या साकमेधात त्र्यंबक होम असतो. त्यात चव्हाट्यावर रुद्राला पुरोडाश, म्हणजे पिठाची भाजलेली आहुती, देतात आणि म्हणतात, हे रुद्रा, हा तुझा भाग, तुझी बहीण अंबिका हिच्यासह घे. होय, तिथे अंबिका ही बहीण आहे. पत्नी ती पुढे झाली. शतपथ ब्राह्मण त्यावरून नावाची व्युत्पत्तीच सांगतं: रुद्राचा हा भाग स्त्रीसह आहे, म्हणून त्र्यंबक. म्हणजे ‘स्त्री’ आणि ‘अंबिका’ यांचा मेळ. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मानवणारी नाही, पण त्या काळी या शब्दात लोकांना डोळे दिसत नव्हते, आईबहीण दिसत होती, एवढं तिच्यातून कळतं. मोनियर विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही मूळ अर्थ बहुधा ‘तीन स्त्रिया किंवा बहिणी असलेला’ असा असावा, अशी नोंद आहे. अंबा म्हणजे आई हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. अंबक म्हणजे डोळा हा अर्थ नंतरच्या संस्कृतातला; तो त्र्यंबक या नावातूनच मागे ओढून काढलेला दिसतो. शिवाला तीन डोळे, म्हणून अंबक म्हणजे डोळा.

वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनी तिसरी वाट धरली. ब्रह्मा, विष्णू आणि रुद्र या तिघांचा अंबक, म्हणजे पिता, तो त्र्यंबक. नाशिककराला हा अर्थ चटकन पटावा, कारण तो डोळ्यांसमोर आहे. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात इतर ठिकाणांसारखी वर आलेली पिंडी नाही. शाळुंकेच्या मधोमध खळगा आहे, आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं. ती ब्रह्मा, विष्णू, महेश यांची मानतात. ज्योतिर्लिंगांच्या श्लोकात ‘त्र्यम्बकं गौतमीतटे’ म्हटलंय ते हेच स्थान. गौतमी म्हणजे आपली गोदावरी, जिला नाशिकमध्ये गोदावरीपेक्षा गंगाच जास्त म्हणतात.

बारशाच्या पत्रिकेत अर्थ छापायचा असेल, तर ‘तीन डोळ्यांचा शिव’ हा रूढ अर्थ द्या आणि शेजारी ‘तीन अंबांचा’ असंही लिहा. आजी, आई, आत्या अशा तिघी असं कुणी समजलं तरी बिघडत नाही. ज्यांना केवळ तीन डोळ्यांचाच अर्थ हवा त्यांना त्रिनेत्र आणि त्रिलोचन ही नावं मोकळी आहेत. तिथे अर्थाबद्दल दुमत नाही. मात्र त्यांना त्र्यंबकसारखं गाव नाही.

आणि गाव ही या नावाची खरी ताकद आहे. नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या कुशीत. सध्याचं काळ्या दगडाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलं आणि ते १७८६ मध्ये पुरं झालं. म्हणजे पानिपताच्या वर्षी नानासाहेब गेले तेव्हा काम अर्ध्यावरच होतं. पण मुलांना हे नाव देण्याची रीत त्याहून जुनी आहे. सेनापती त्रिंबकराव दाभाडे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पडले, म्हणजे त्यांचं नाव ठेवलं गेलं तेव्हा हे देऊळ कुणाच्या मनातही नव्हतं. पेशवाईच्या उत्तरार्धात त्रिंबकराव मामा पेठे भेटतात. आणि मग दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे. १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याचा ठपका त्यांच्यावर आला. इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, १८१६ मध्ये ते तिथून निसटले, आणि १८१८ मध्ये पुन्हा सापडले ते आपल्याच निफाड तालुक्यात, आहेरगावला. तिथून रवानगी थेट चुनारच्या किल्ल्यावर.

पुढच्या शतकात हे नाव तलवारीकडून लेखणीकडे आलं. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९० ते १९१८). इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकर. न्यायमूर्ती काशीनाथ त्रिंबक तेलंग (१८५० ते १८९३) यांच्या नावात ते वडिलांच्या जागी आहे. नाशिकचे स्वातंत्र्यकवी गोविंद यांच्याही नावात तसंच: गोविंद त्र्यंबक दरेकर. यातलं एक बारीक पण उपयोगी निरीक्षण असं की मराठीत आद्याक्षर लिहिताना नुसतं ‘त.’ लिहीत नाहीत, अख्खं जोडाक्षर येतं. त्र्यं. शं. शेजवलकर, गो. त्र्यं. दरेकर. तुमच्या मुलाची सहीसुद्धा ‘त्र्यं.’ अशी होईल. देखणी दिसते, वळण मोठं म्हणून शाई थोडी जास्त लागते एवढंच.

मग इतकं रुळलेलं नाव मागे का पडलं? आपल्याकडे दर वर्षी जन्मलेल्या मुलांच्या नावांची सरकारी यादी निघत नाही. त्यामुळे ‘क्रमांक अमुक’ असं सांगणाऱ्या संकेतस्थळांवर विश्वास ठेवू नका. ते आकडे बहुधा त्या पानावर किती टिचक्या पडल्या याचे असतात. तुम्हाला खरंच अंदाज घ्यायचा असेल तर मतदार यादी घ्या. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागवार मराठी यादी मिळते. एका भागात साधारण हजाराच्या आसपास नावं असतात. दोन रकाने वेगळे मोजा: मतदाराचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव. शेजारी वय असतंच, त्याचे तीन गट करा: चाळिशीच्या आतले, चाळीस ते साठ, साठीच्या पुढचे. एक भाग त्र्यंबक किंवा दिंडोरी तालुक्यातल्या गावाचा घ्या, एक पंचवटीतला, एक इंदिरानगरसारख्या नव्या वस्तीतला. तरच तुलना होते.

यात लोक तीन ठिकाणी फसतात. यादी बहुतेकदा चित्ररूपात असते, त्यामुळे शब्द टाकून शोधलं की ‘शून्य’ येतं आणि माणूस म्हणतो, नाव नामशेष झालं. डोळ्यांनीच वाचावी लागते. दुसरं, त्र्यंबक, त्रिंबक, त्रींबक, त्रंबक, त्र्यबक आणि अनुस्वार सरकून झालेलं त्रिबंक ही सगळी रूपं एकाच नावाखाली मोजायला हवीत. तिसरी चूक मोठी: वडिलांच्या रकान्यातली नावं आजची समजणं. पन्नाशीच्या मतदाराच्या वडिलांचं नाव हे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या बारशाचं नाव आहे. त्र्यंबक आज मुख्यतः याच मधल्या रकान्यात जगतंय. मधलं नाव म्हणून कानावर येतं, पाळण्यात दिसत नाही. म्हणून ‘दुर्मीळ’ हा शब्द जपून वापरावा. अनोळखी नाव आणि अनोळखी झालेलं नाव यांत फरक आहे. नाशिकला ते कुणालाही परत विचारावं लागत नाही.

मागे पडण्याची कारणं दोन-तीन आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पूर्वी नाव क्षेत्रावरून यायचं. नवस त्र्यंबकला, मुलगा त्र्यंबक. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला गावोगावच्या दिंड्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी येतात, म्हणून या पट्ट्यात निवृत्ती आणि त्र्यंबक ही नावं भावाभावांसारखी जोडीनं दिसतात. मुलाला हाक मारता मारता देवाचं नाव तोंडी यावं, अजामिळासारखं, ही कल्पना त्यामागे होती. ती कल्पना सुटली आणि नाव आधी कानाला गोड, दोन अक्षरी, जोडाक्षराविना हवं झालं.

दुसरं कारण घरातलं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, पण सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग आई आपल्याच पोराला हाक कशी मारणार? त्याला बाळ, नाना, आबा असं काहीतरी दुसरंच म्हणायची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर. दोन पिढ्या असं चाललं की नाव कागदावर उरतं आणि घरात ते म्हणायची सवय जाते. आज तो दंडक नाही, पण सवय मोडली ती मोडलीच. तुमच्याकडे हे नाव परत आणायचं असेल तर पहिल्या दिवसापासून आईनं ते पूर्ण म्हणायला हवं, एवढाच यातला व्यवहार.

उच्चाराबद्दल आत्याची भीती निम्मी खरी आहे. ‘त्र्य’ हे जोडाक्षर मुलाला लवकर येत नाही, कारण मुळात र उशिरा येतो. चार वर्षांचा त्र्यंबक स्वतःला ‘तंबक’ किंवा ‘तिंबक’ म्हणेल. त्याला सुधारत बसू नका, फक्त तुम्ही नीट म्हणा. ‘तंबू’ची चिडवाचिडवी होईलही. पण चिडवण्यातून रुद्र आणि शौर्यही सुटत नाहीत. पोरांना यमक जुळवायला फार वेळ लागत नाही. त्रिंबक या उच्चारात ‘तंबू’ला जागा कमी मिळते, हा आजोबांच्या बाजूचा मुद्दा धरा हवं तर.

आता स्पेलिंग, कारण पुढची वीस वर्षं त्रास होतो तो इथूनच. चार तऱ्हा चालतात.

टी-आर-आय-एम-बी-ए-के ही सगळ्यात सरळ. बोलण्याशी जुळते, आणि गावाचं नाव १८८३ च्या नाशिक गॅझेटियरपासून असंच लिहिलं जातंय. त्याआधीचे इंग्रज शेवटच्या ‘ए’च्या जागी ‘यू’ लिहीत, कारण ऱ्हस्व अ साठी ते ‘यू’ वापरायचे. भारतीय नावं रोमन लिपीत लिहिण्याची हंटरची पद्धत आली आणि ‘ए’ रुळला. जुन्या इंग्रजी कागदात ‘बी-यू-के’ दिसलं तर तो वेगळा माणूस नव्हे. या स्पेलिंगची अडचण एकच: संगणक ते परत मराठीत उलटवतो तेव्हा ‘त्रिंबक’, कधी ‘ट्रिम्बक’ असं करतो.

टी-आर-वाय-ए-एम-बी-ए-के हे लेखी रूपाला जवळचं. मराठीत त्र्यंबक ठेवणार असाल तर हे जोडीला शोभतं. पण महाराष्ट्राबाहेर ‘ट्रायंबक’ ऐकायची तयारी ठेवा. टी-आर-ए-एम-बी-ए-के हे गुजराती वळण. तिकडे त्रंबकलाल हे नाव चांगलं प्रचलित आहे, त्यामुळे लोक तुम्हाला गुजराती समजतील. टी-आर-ए-वाय-ए-एम… हे त्या त्रयंबकचं स्पेलिंग, ते नकोच.

पाचवी एक चूक होते, तिला तऱ्हा म्हणता येणार नाही: मध्ये ‘एम’ऐवजी ‘एन’. अनुस्वार दिसला की टंकलेखक ‘एन’ मारतो. पण अनुस्वारापुढे ब आहे, ओठांनी म्हणायचं व्यंजन, म्हणून त्या अनुस्वाराचा उच्चार म् होतो. मंत्रात तर ‘म्ब’ असं स्पष्ट लिहितातच. तिथे ‘एम’ हवा.

माझं मत विचाराल तर मराठीत त्र्यंबक आणि इंग्रजीत टी-आर-आय-एम-बी-ए-के ही जोडी घ्यावी. मराठी वाचणाऱ्याला लेखी रूप कळतं, इंग्रजी वाचणारा बोललेल्या रूपाच्या जवळ पोचतो. आजोबा आणि सूनबाई दोघांचंही राहतं.

मराठी टंकनातही जपा. त्र्यंबक दिसायला तीन अक्षरं, पण संगणकाला ते आठ खुणांचं असतं: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क. मधला एक हलन्त सुटला की ‘त्रयंबक’ होतं, र आणि एक हलन्त गळला की ‘त्यंबक’. अनुस्वार एक घर पुढे सरकला की ‘त्र्यबंक’. पडद्यावर जोडाक्षर बारीक दिसतं, म्हणून नजरेतून निसटतं. फॉर्मवर नाव तोंडी सांगू नका. कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात मराठी आणि त्याखाली इंग्रजी असं दोन्ही लिहून द्या, आणि छापण्याआधी पडद्यावर अक्षर मोठं करून पाहू द्या म्हणावं.

ही काळजी जन्मदाखल्याच्या वेळीच घ्यायची. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, आणि ती जन्म जिथे झाला तिथल्या कार्यालयात, तुम्ही राहता तिथे नव्हे. बाळंतपण नाशिक शहरात झालं असेल तर महापालिकेकडे, माहेरी गावाला झालं असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे. नोंद करताना नाव ठरलेलं नसेल तर रकाना कोरा राहू द्या. नोंदीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. घाईत चुकीचं नाव घालून नंतर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा कोरा रकाना परवडतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला सगळीकडे धरला जातो, त्यामुळे त्यावरचं स्पेलिंग पुढे आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे उतरतं. दाखला मराठी आणि इंग्रजी असा दोन्हींत असतो. दोन्ही ओळी तपासा. मराठी बरोबर पाहून लोक इंग्रजी न वाचताच घरी येतात.

नावरसाची शंका विचारलेली नाही, पण बारशाला गुरुजी हमखास काढतील. जोडाक्षरात पहिलं व्यंजन धरतात, म्हणजे त. त्याला स्वातीच्या चौथ्या चरणाचं ‘ता’ लागतं. काही जण उच्चारातली इ धरून ‘ती’ घेतात, ते विशाखाचं पहिलं चरण. कसंही धरलं तरी रास तूळच येते. मुलाची जन्मरास वेगळी असेल तर राशीचं नाव पत्रिकेत वेगळं ठेवा आणि हाकेचं हे. पूर्वीपासून तसंच करत आले आहेत.

राहिला मृत्युंजय मंत्र. आजारपणात त्याचा जप होतो, त्र्यंबकला नारायण नागबळी आणि पितृकार्यं होतात, म्हणून काहींना या नावाभोवती सुतकी छाया वाटते. ऋचा शांतपणे वाचली तर तसं काही दिसत नाही. त्र्यंबकाची विशेषणं दोन: सुगंधी आणि पुष्टिवर्धन, म्हणजे अंग भरवणारा, वाढवणारा. तान्ह्या बाळाला याहून बरं काय हवं? पुढची उपमा तर शेतातली आहे. उर्वारुक म्हणजे काकडीच्या जातीचं वेलीवरचं फळ. पिकलेला चिबूड पाहिलाय ना? त्याला ओढावं लागत नाही, हात लावला की देठ आपसूक सुटतो. तसा मृत्यूच्या बंधनातून सुटू दे, अमृतापासून नको, असं मागणं आहे. कच्चं फळ तोडू नको, हाच त्याचा रोख.

मुलगी झाली असती तर काय, असं पुढेमागे कुणी विचारील. स्त्रीलिंगी रूप त्र्यंबका. ‘शरण्ये त्र्यंबके गौरि’ हे सगळ्यांच्या तोंडी असल्यानं काही जण मुलीचं नाव ‘त्र्यंबके’च ठेवतात. ते संबोधन आहे, देवीला मारलेली हाक. दाखल्यावर हाक लिहायची नसते.

आणि नाशिकला राहणार आहात म्हणून एक सवय आतापासून लावा. त्र्यंबक हे इथे माणसाआधी गाव आहे. ‘त्र्यंबकला सोडून आलो’, ‘त्र्यंबकला फार पाऊस आहे’, ‘त्र्यंबकची गाडी चुकली’ या वाक्यांतला त्र्यंबक कोणता, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. जुन्या घरांनी त्यावर तोडगा काढला होता: मुलगा त्रिंबक, गाव त्र्यंबक, आणि मोठा झाला की त्रिंबकनाना.